उतरवलेला टोप

१

टोपी साहेबांच्या टेबलावर ठेवलेली होती आणि तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

गोदावरी ती टोपी ओळखत होती. लष्कराच्या लिलावातून आलेली, खाकी, वजनाला हलकी आणि टकटक केलं तर लाकडासारखी वाजणारी. आत कापडी पट्ट्यांची जाळी, कपाळाभोवती बसणारा चामडी पट्टा आणि त्या पट्ट्यावर तापल्या तारेने कोरलेला ‘भ’. भगवंत भोपी. अंबरनाथच्या कारखान्याच्या नव्या शेडवरचे मुकादम, तिचे आबा. कप्पीची लोखंडी कडी डोक्यात पडून ते गेले, त्याला अजून पंधरवडाही झाला नव्हता.

“गोदावरीबाई, तुमच्या वडिलांविषयी मला फार आदर होता,” शरदचंद्र साहेब म्हणाले. शेडच्या बांधकामाचे इंजिनिअर, मूळचे साताऱ्याकडचे. माणूस सज्जन होता आणि बोलताना नजर चुकवत नव्हता. “पण त्या दिवशी ते उघड्या डोक्याने परांचीखाली गेले. टोपी सापडली ती खुंटीवर.”

“कुणी पाहिलं?”

“राहीने. ठाकरीण आहे, मजुरांचा भात रांधते. मी स्वतः तिला विचारलं, मुकादमांचा टोप डोक्यावर होता का? ती म्हणाली, ‘डोक्यावर कशाला असंल? मुकादमांनी उतरवला न् बाजूला ठेवला, तवाच वरनं पडलं.’ शिरस्त्राण म्हटलं तर या लोकांना कळत नाही, म्हणून मी मुद्दाम टोप हा साधा शब्द वापरला. गैरसमजाला जागाच ठेवली नाही.”

आबा म्हणजे टोपी, असं समीकरण झालं होतं. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते प्रत्येकाची टोपी उलटी करून पाहायचे. “टोपीत डोकं घालायच्या आधी नजर घाला रे,” असं म्हणायचे. लोक हसायचे, पण नजर घालायचे.

“सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर चौकशीचा निष्कर्ष वाचायचा आहे,” साहेब म्हणाले. “मुकादमाने स्वतःच नियम मोडला, असं मला म्हणावं लागेल. मला ते आवडत नाही. आत्ताच निम्मे लोक टोप्या काढून फिरतायत. म्हणतात, शिकवणाराच घालत नव्हता.”

गोदावरीने टोपी उचलली. आबांचं डोकं लहान होतं. तिचंही तसंच. ‘माझी टोपी माझ्या पोरीला वारशात मिळणार, दुसऱ्या कुणाला बसायचीच नाही,’ असं ते चेष्टेने म्हणत. तिने ती डोक्यावर ठेवली.

टोपी थेट नाकापर्यंत खाली आली.

२

“सगळा घोळ त्या अनंताचा आहे,” बनूआत्या म्हणाली. ती आबांची थोरली बहीण. बदलापूर गावातल्या घरात आता त्या दोघीच उरल्या होत्या. “मेला स्टोअरकीपर. टोप्यांवरून भगवंताशी भांडला होता तो. त्यानंच कुणाची तरी टोपी आणून टांगली असंल.”

“टोपी आबांचीच आहे, आत्या. अक्षर त्यांचं आहे. पण पट्टा शेवटच्या भोकावर आहे. आबा पहिल्या भोकावर लावायचे.”

“म्हंजे?”

“म्हणजे ती शेवटची ज्याने घातली, तो माणूस मोठ्या डोक्याचा होता.”

आत्याने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले. गोदावरीला जे विचारायचं होतं ते विचारवत नव्हतं. शाळेत मुलींना शिकवताना तिचा आवाज कधी अडकत नसे, इथे अडकला. “आत्या, त्यांना आंघोळ घातली तेव्हा तू होतीस. मी नव्हते आत. काय दिसलं?”

“रक्त नव्हतं गं. मी घाबरत घाबरत केसांत हात घातला, तर कातडं फाटलेलं नाही. नुसता वळ. टाळूवर गोल, बांगडीसारखा. आत काय झालं ते देवाला ठाऊक.”

“गोल?”

“गोल. आणि उजव्या हाताची बोटं पोळलेली. ताजे फोड. चुलीकडं कधी न जाणारा भाऊ माझा, त्याची बोटं कशानं पोळावी?”

उघड्या डोक्यावर लोखंडाची कडी उंचावरून पडली तर कातडं फाटल्याशिवाय राहील का? नाही. म्हणजे लोखंड आणि टाळू यांच्यामध्ये काहीतरी होतं. आबांच्या डोक्यावर टोपी होती. फक्त ती त्यांची नव्हती.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण लगेच दुसरा विचार आला आणि ती ताडकन उभी राहिली. टोपी घालूनही आबा गेले असतील, तर ती टोपी खोटी होती. आणि तशाच टोप्या घालून सोमवारी माणसं पुन्हा परांचीखाली उभी राहणार होती.

३

स्टोअरकीपर अनंता खिडकीच्या जाळीमागे बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

“या मास्तरीणबाई. आता तुम्ही पण टोप्या तपासणार? तुमच्या वडिलांनी माझं डोकं खाल्लं, तेवढं पुरे आहे.”

“भांडण कशावरून झालं होतं?”

“कशावरून! गाठोडं भरून टोप्या आणल्या, तर एकेक उन्हात धरून बघितली त्यांनी. हिला केसाएवढा तडा, हिची जाळी विरलेली, हिला कुणी रंग फासलाय, रंगाखाली काय दडलंय कोण जाणे. अर्ध्या परत पाठवल्या. मी म्हटलं, मुकादम, मुलगी बघायला आलात काय?”

“ते काय म्हणाले?”

अनंताचा चेहरा जरा उतरला. “म्हणाले, मुलगी नापसंत केली तर ती दुसऱ्या घरी सुखात राहते. टोपी चुकली तर माणूस घरी जात नाही.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. “राग आला होता मला. पण खोटं कशाला बोलू, माणूस बरोबर होता. मजुरांना वाटल्या त्या टोप्या सगळ्या चांगल्या होत्या. त्यांनी निवडलेल्या.”

“आणि खुंटीवरची? ती कुणी टांगली?”

“मी धावत आलो तेव्हा टांगलेलीच होती. तुम्हाला माझा संशय येत असेल तर कॅम्प दोनला जा. लछमनदासला विचारा, माल त्याचा. कुठल्या टोपीत काय खोट असते ते त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक नाही.” मग ती वळल्यावर त्याने मागून हाक मारली. “बाई, एक ऐका. टोपी चांगली असून भागत नाही. वाटल्यावर हे लोक तिचं काय करतात, ते मला विचारू नका.”

४

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लछमनदासचं दुकान म्हणजे संपलेल्या लढाईचं सामान होतं. पाण्याच्या बाटल्या, पट्टे, कंदील, बूट. सिंधमध्ये, शिकारपूरला त्याच्या घरचा कापडाचा व्यापार होता. इथे छावणीत आल्यावर हाताला लागलं ते विकायला घेतलं.

“मुकादमची बेटी?” त्याने डोक्याला हात लावला. “बस, बस. असा गिऱ्हाईक मी नाय बघितला. दोन दिवस बसून टोप्या निवडल्या त्यानी. मी बोललो, साईं, तू घे दुकान, मी घेतो तुझी मुकादमी.”

गोदावरीने विचारलं, “चांगली टोपी घालून माणूस मरू शकतो का?”

लछमनदासने आतून दोन नारळ आणले, एक स्टुलावर बसवला आणि त्याच्यावर टोपी ठेवली. “हे बघ. टोपी डोक्याला लागत नाय. डोकं जाळीत बसते. जाळी आणि टोपीच्या मधे हवा, दोन बोटं. मार आला, जाळी ताणते, मार खाऊन टाकते.” त्याने हातोडा घातला. टोपी थडकन वाजली. नारळ तसाच होता.

मग त्याने त्या टोपीतली जाळी सोडली, कपड्याची घडी कोंबली आणि ती दुसऱ्या नारळावर ठेवली.

“कापड तर नरम आहे,” गोदावरी म्हणाली.

“नरम हाय म्हणून तर फसवते. झोपायला अच्छा. डोक्याला नाय.” हातोडा पडला. स्टुलावरून पाण्याची धार ओघळली. “हवाच नाय राहिली ना बेटी. मार सीधा आत गेला.” त्याने तडकलेली टोपी बाजूला फेकली. “आणि ही आता कचरा. मार खाल्लेली टोपी परत घालायची नाय. दिसायला साबूत असली तरी नाय.”

गोदावरी त्या ओल्या स्टुलाकडे बघत होती. रस्त्यावरून एक बाई विटांचं घमेलं डोक्यावर घेऊन गेली. घमेल्याखाली तिची चुंबळ होती, जुन्या लुगड्याची, पिळून वळलेली, घट्ट.

गोल. बांगडीसारखी.

५

रविवारी ती राहीच्या पाड्यावर गेली. बारवी नदीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत चार झोपड्या. राही बाहेर तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. गोदावरीला बघून तिने पदर डोक्यावर ओढला.

“मुकादमांची लेक ना तू? बस. मना लय वाईट वाटतं. माझ्यापायी झालं ते.”

“तुझ्यापायी?”

“ऊन लय व्हतं. मी चूल परांचीच्या सावलीला मांडली. मुकादम लांबनं वरडत आले, राही, उठ तिथनं, वर तुळई चढवतायत. मी बोलले, भात व्हऊ दे. तर आयकतात कुटं.”

आता विचारायलाच हवं होतं. “आणि त्यांनी टोप उतरवला?”

“उतरवला ना.”

गोदावरीची इतकी सगळी जुळणी एका शब्दात कोसळली. “स्वतःच्या हाताने? तू पाहिलंस?”

“सवताच्या. माझ्या डोळ्यांनी बघितलं. फडका बी घेतला नाय. बोटं पोळली त्यांची, पर लांब नेऊन ठेवला, न् मना ढकलली. मी भाताकडं बघतेय तोवर माघारी दण्णकन आवाज झाला.”

पोळलेली बोटं. डोक्यावरची टोपी काढताना कुणाची बोटं पोळतात? गोदावरीने पुढे बघितलं. चुलीवर काजळी धरलेलं पातेलं होतं आणि त्यात भात रटरटत होता.

“राही,” तिने पातेल्याकडे बोट केलं, “याला तुम्ही काय म्हणता?”

राहीने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “टोप. आनि काय म्हनायचं?”

६

गोदावरीच्या घरीसुद्धा त्याला टोपच म्हणत. आत्या रोज टोपातच भात शिजवत होती. तिलाच ते सुचू नये! साहेबांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा तिला पुस्तकातला सैनिक आठवला, स्वयंपाकघर नाही. साताऱ्याच्या साहेबांकडे तर त्याला पातेलंच म्हणत असणार.

“आणि टोपी, राही? डोक्यावरची?”

“ती व्हती की डोक्यावर. मी हसले बी. नीट बसंना ती, उंच राहिलेली, हलत व्हती. मी बोलले, मुकादम, आज कोंबड्याचा तुरा लावला काय?”

“मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?”

“सायबानी टोपाचं इचारलं,” राही म्हणाली. “टोपीचं कुटं इचारलं?”

गोदावरीला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. राहीने तिला थोपवलं नाही. चुलीतलं लाकूड जरा मागे ओढून ती तिच्याजवळ येऊन बसली.

“तिथं जवळ दुसरं कोण होतं?” जरा वेळाने गोदावरीने विचारलं.

“धर्मराज. तोच पयला धावला. मी वळले तवा तो मुकादमांपाशी वाकलेला.”

धर्मराज तिला माहीत होता. देशावरून आलेला गडी, खांदे रुंद आणि डोकं घागरीएवढं. आबा त्याला ‘दोन माणसांचं काम, दोन माणसांचं जेवण’ म्हणायचे.

संध्याकाळी ती शेडमागच्या त्याच्या खोपटापाशी पोचली. धर्मराज दारात बसला होता. तिने साहेबांकडून मागून घेतलेली आबांची टोपी पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरली.

“घालून बघा, धर्मराज. बरोबर बसेल. पट्टा शेवटच्या भोकावर आहे.”

त्याने हात मागे घेतले. टोपी साप असल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “ते भोक मी नाही लावलं. मुकादमांनी लावलं. माझ्यासाठी.”

मग तो बोलत गेला. जाळीच्या पट्ट्या घामाने कुजट वास मारत, कपाळाला काचत, म्हणून त्याने त्या उपटून टाकल्या होत्या. बायकोने मऊ चुंबळ करून दिली, आपल्या जुन्या लुगड्याची. खेड्यात डोक्यावर ओझं घेताना चुंबळच लागते, मग टोपीत का नको? छान बसत होती. मुकादम रोज तपासत, तेव्हा तो आपली लपवून दुसऱ्या कुणाची तरी टोपी दाखवायचा. त्या दिवशी तुळई चढवायच्या वेळीच त्यांनी पकडलं.

“शिव्या दिल्या नाहीत. नुसते म्हणाले, तुला तुळईखाली उभं राहायचंय, ही चालणार नाही. आपली टोपी काढली, पट्टा सैल केला, माझ्या डोक्यावर बसवली. माझी आपण घातली. म्हणाले, मी कडेला उभा आहे, मला काय होतंय. सुट्टीत हिच्यात जाळी ओवू.” त्याने तोंड पुसलं. “कडेलाच होते ते. राहीची चूल दिसली तेव्हा आत धावले.”

“आणि तुमची टोपी?”

“दोन तुकडे झाले होते. आतून माझी चुंबळ बाहेर आली होती. ती बघितली आणि मला काही सुधरेना. चुन्याच्या हौदात टाकली. त्यांची खुंटीला लावली. डोक्यावर ठेवायची हिंमत होईना ताई, म्हणून लावली. त्यांच्यावर आळ यावा म्हणून नाही. पण साहेब म्हणाले, उघड्या डोक्याने गेले, आणि माझं तोंड उघडेना.”

अंधार पडत आला होता. गोदावरी उठली. तिने त्याला काही दूषण दिलं नाही, क्षमाही केली नाही.

“उद्या सकाळी तोंड उघडा,” एवढंच ती म्हणाली.

७

सोमवारी शेडसमोर सगळे जमले होते. साहेबांनी कागद उघडला तोच धर्मराज पुढे आला. त्याच्या हातात चुन्याने पांढरे झालेले टोपीचे दोन तुकडे होते आणि त्यांना चिकटलेली चुंबळ. तो खाली मान घालून सगळं बोलला. मोठ्या अंगाचा माणूस, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. तरी कुणी “मोठ्याने” म्हणून ओरडलं नाही.

“पण राही तर म्हणाली, टोप उतरवला,” साहेब म्हणाले.

“भाताचा, सायेब, भाताचा!” राही मागून ओरडली. “डोक्यावर टोप कोन घालतं, येडं?”

हशा पिकला आणि तितक्याच झटकन विरला. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी कागदाच्या चार चिंध्या केल्या.

“चूक माझी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझा शब्द साधा आहे असं मला वाटलं. तो माझ्या घरचा होता, तुमच्या घरचा नव्हता.” मग ते गोदावरीकडे वळले. “मी आता लिहितो. मुकादम भगवंत भोपी यांनी टोपी घातली होती. आपली चांगली टोपी त्यांनी दुसऱ्याला दिली आणि एका बाईला वाचवताना ते गेले. यात त्यांचा कसलाही दोष नाही. बरोबर?”

हेच ऐकायला ती आली होती. गर्दीतून बनूआत्याचा हुंदका ऐकू आला. इथे थांबलं असतं तर आबांचं नाव धुतल्या तांदळासारखं राहिलं असतं.

“नाही,” गोदावरी म्हणाली. “अजून एक लिहा. टोपीत जाळी नाही हे त्यांना दिसलं होतं. तरी त्यांनी ती घातली.”

“त्याची गरज नाही, बाई.”

“आहे. त्यांच्याइतकं टोपीतलं इथे कुणाला कळत नव्हतं. तरी त्यांनाही वाटलं, कडेला उभं राहायचंय, थोडा वेळ चालेल. इथे सगळ्यांना तेच वाटतं.” तिचा आवाज आता अडकत नव्हता. “आबांना वाईट वाटणार नाही. ते असते तर त्यांनी हेच वाक्य आधी लिहायला लावलं असतं.”

पुढच्या रांगेतल्या एका गवंड्याने आपली टोपी काढली, उलटी केली आणि आतली चुंबळ ओढून बाहेर काढली. त्याच्या शेजारच्यानेही काढली. हिरवी, जांभळी, विटकी लाल, काठाची, बिनकाठाची. जमिनीवर चुंबळींचा ढीग होऊ लागला आणि बायका आपापल्या लुगड्याचा तुकडा ओळखून नवऱ्यांकडे बघू लागल्या.

“ही तुझी काय रं?” एकीने विचारलं. “मला म्हनलास, उंदरांनी नेली!”

अनंता स्टोअरमधून पट्ट्यांचं गाठोडं, जाड दोरा आणि दाभण घेऊन आला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. “एकेक जण या,” तो करवादला. “आणि नजर घाला आधी. मुकादम नाहीत आता, मला हे काम जमत नाही.”

तुळई त्या दिवसापासून अर्ध्यावर लटकत होती. कामाचा खोळंबा होणार हे साहेबांना दिसत होतं. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि कप्पीवाल्याला साखळी बांधून ठेवायला सांगितलं.

संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा परांचीवर कुणी नव्हतं. खाली, शेडच्या लांब सावलीत, माणसं मांडीवर टोप्या घेऊन शिवत बसली होती.